शाळेचा सीझन आणि क्लबची मोठी स्पर्धा: हायस्कूलची पात्रता न गमावता दोन्ही कसं खेळायचं

फेब्रुवारी लागला की कॅलिफोर्नियातल्या ओळखीच्या मराठी घरांतून फोन सुरू होतात. मुलगी शाळेच्या स्विम टीममध्ये आहे, मार्चमध्ये क्लबची मोठी मीट, म्हणजे पोहण्याची स्पर्धा आहे, दोन्ही केलं तर चालेल ना? निम्म्या वेळा हा प्रश्न मीट होऊन गेल्यावर येतो, आणि तेव्हा करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

नियम मोडायचा म्हणून कुणी मोडत नाही. क्लबच्या संगणकात मुलांची नावं क्लबच्या कोडखालीच साठवलेली असतात, कोच सगळ्यांच्या एन्ट्री एकगठ्ठा पाठवतो, आणि शाळेच्या लेखी आपलं मूल सीझन चालू असताना बाहेरच्या टीमकडून खेळलेलं ठरतं. मग शाळेकडून खेळण्याची पात्रताच जाऊ शकते. आधी विचारलं असतं तर तीच स्पर्धा बिनघोर खेळता आली असती. म्हणून खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. मुख्य उदाहरण कॅलिफोर्नियाचं आहे. दुसऱ्या राज्यात असाल तर पहिली पायरी दोनदा वाचा.

## सुरुवातीआधी: एक फोल्डर करा

फोनमध्ये करा किंवा कागदाचं करा, पण सगळं एका जागी असू द्या:

- शाळेच्या टीमचं पूर्ण वेळापत्रक, लीग फायनल्स आणि प्लेऑफच्या तारखांसकट
- क्लबचं वेळापत्रक आणि प्रत्येक स्पर्धेच्या एन्ट्रीची शेवटची तारीख
- क्लबशी सही केलेला करार (हा बहुतेकांनी वाचलेलाच नसतो)
- चालू वर्षाची वैद्यकीय तपासणी आणि शेवटचं ग्रेड कार्ड
- राज्य संघटनेच्या नियमावलीची यंदाची प्रत

'यंदाची' यावर माझा जोर आहे. नियम दरवर्षी दुरुस्त होतात. मोठ्या भावाच्या वेळी चाललं म्हणून धाकटीला चालेलच, असं धरून चालू नका.

ग्रेड कार्ड यादीत आहे, कारण बाकी सगळं नीट करून मूल तिथेच अडकू शकतं. कॅलिफोर्नियात किमान २.० जीपीए (ग्रेडची सरासरी) लागतो, आणि आधीच्या ग्रेडिंग काळात सेमिस्टरच्या २० क्रेडिट्सइतकं काम पास झालेलं असावं लागतं. टेक्सासमध्ये 'नो पास, नो प्ले' आहे: एखाद्या विषयात ७० च्या खाली गेलात की बाहेर बसावं लागतं.

## पायरी १: नियम नेमका कुणाचा, ते शोधा

अमेरिकेत हायस्कूल खेळांसाठी देशभर लागू होणारा एकच पात्रता-नियम नाही. इंडियानापोलिसमधली राष्ट्रीय संघटना, म्हणजे एनएफएचएस, खेळाचे नियम लिहिते. कोण खेळू शकतं हे प्रत्येक राज्याची संघटना ठरवते. कॅलिफोर्नियात ती सीआयएफ, टेक्सासमध्ये यूआयएल, मॅसॅच्युसेट्समध्ये एमआयएए. सीआयएफखाली पुन्हा दहा सेक्शन, म्हणजे विभाग आहेत, सेक्शनखाली लीग, आणि शेवटी शाळेचे आपले नियम. शाळा राज्यापेक्षा कडक असू शकते, सैल असू शकत नाही.

राज्याराज्यांत किती फरक आहे बघा:

कॅलिफोर्निया. सीआयएफचा ६०० क्रमांकाचा नियम सांगतो की शाळेच्या सीझनमध्ये त्याच खेळात बाहेरच्या टीमकडून स्पर्धा खेळलात तर पात्रता जाते. वैयक्तिक खेळांत मात्र 'अनअटॅच्ड', म्हणजे कुठल्याही टीमशी न जोडलेला खेळाडू म्हणून उतरता येतं.

मिशिगन. शाळेकडून पहिली स्पर्धा खेळल्यानंतर, पोहणं, टेनिस, ट्रॅक अशा वैयक्तिक खेळांत सीझनभरात बाहेरच्या जास्तीत जास्त दोनच स्पर्धांची मुभा आहे.

मॅसॅच्युसेट्स. इथे प्रश्नच वेगळा विचारतात. क्लबकडून खेळायला हरकत नाही, पण त्यासाठी शाळेचा सराव किंवा सामना चुकवलात तर पहिल्याच वेळी सीझनच्या २५ टक्के भागासाठी निलंबन.

इलिनॉय. शाळेच्या सीझनमध्ये त्याच खेळात बाहेर खेळायला मुळात मनाई आहे, अनअटॅच्ड म्हणूनसुद्धा. सूट हवी असेल तर संघटनेची मंजुरी आधी घ्यावी लागते.

सॅन होजेतल्या मावशीने दिलेला सल्ला शिकागोतल्या भाचीचा सीझन कसा घालवू शकतो, हे यावरून कळेल. आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्या राज्यांतली माणसं एकाच धाग्यात उत्तरं देतात. देणारा कोणत्या राज्यातला आहे ते आधी विचारा.

> तपासा: राज्य संघटना, सेक्शन आणि लीग, तिन्हींची नावं कागदावर लिहिता आली का? नसतील तर पुढे जाऊ नका. शाळेच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरना, म्हणजे ज्यांना सगळे 'एडी' म्हणतात त्यांना, एक मेल करा. दोन मिनिटांचं काम आहे.

## पायरी २: दोन्ही कॅलेंडरं एकावर एक ठेवा

बाहेरची स्पर्धा नियमात बसते की नाही हे तारखेवर ठरतं, म्हणून सीझन कधी सुरू होतो हे आधी पक्कं करा. पहिला सराव, पहिला स्क्रिमेज (सराव सामना), की पहिला अधिकृत सामना? यातला कोणता दिवस धरतात ते एडींकडून लेखी घ्या.

शेवटाबद्दलही गैरसमज होतात. लीग संपली म्हणजे सीझन संपला, असं नाही. तुमचं मूल सेक्शन किंवा राज्य पातळीवर गेलं तर त्याचा सीझन तोवर चालू आहे. सीआयएफची राज्य जलतरण स्पर्धा मे महिन्यात क्लोव्हिसला होते. तिथे पात्र ठरायची शक्यता असेल तर आधीच्या आठवड्यातली क्लबची मीट 'सीझननंतरची' धरून चालणार नाही.

कोणता खेळ कोणत्या ऋतूत येतो तेही बघा. कॅलिफोर्नियात मुलींचं टेनिस शरदात असतं आणि मुलांचं वसंतात. घरात दोघं खेळत असतील तर दोघांची कॅलेंडरं वेगळी. सॉकर बऱ्याच भागांत हिवाळ्यात असतो, आणि नेमकं त्याच वेळी आपण डिसेंबरच्या सुट्टीत भारतात जातो. पुण्यात मामा हौसेने भाच्याला ओळखीच्या फुटबॉल क्लबकडून एखाद्या स्पर्धेत उतरवतो, आणि आपल्याला वाटतं हा तर घरचा मामला. ६०० क्रमांकाच्या नियमात बाहेरची टीम म्हणजे बाहेरची टीम, मग ती ओकलंडची असो वा कोथरूडची.

> थांबा: नियम स्पर्धेबद्दल आहे, सरावाबद्दल नाही. कॅलिफोर्नियात सीझनमध्ये क्लबसोबत सराव करता येतो. पण त्या 'सरावा'त दुसऱ्या क्लबविरुद्ध सामना होणार असेल तर आधी विचारा.

## पायरी ३: खेळ वैयक्तिक की सांघिक?

सॉकर, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, वॉटर पोलो: हे सांघिक खेळ. इथे अनअटॅच्ड ही सोयच नाही. कॅलिफोर्नियात सीझनपुरतं क्लबच्या सामन्यांपासून दूर राहायचं, संपला विषय. नियमात अपवाद आहेत, पण ते एडींनी सांगावेत, क्लबच्या कोचने नव्हे.

पोहणं, टेनिस, बॅडमिंटन, गोल्फ, ट्रॅक, क्रॉस कंट्री, कुस्ती: हे वैयक्तिक. आपल्या मुलांची मोठी संख्या यांतच आहे, आणि गोंधळही इथेच जास्त होतो. कारण वैयक्तिक खेळातही सांघिक स्पर्धा असतात. टेनिसमध्ये यूएसटीएची, म्हणजे अमेरिकेच्या टेनिस संघटनेची, ज्युनिअर टीम टेनिस ही नावाप्रमाणेच टीमची स्पर्धा आहे. एकेरीच्या स्पर्धेत चालणारी सवलत तिला लावू नका. पोहण्यात क्लबची रिले ही टीमच. ट्रॅकमध्येही रिलेचं तेच.

## पायरी ४: आधी विचारा, लेखी घ्या, मग एन्ट्री भरा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण एन्ट्रीची तारीख जवळ आली की माणूस आधी एन्ट्री भरतो आणि परवानगीचं 'बघू' म्हणतो.

मेल एडींना पाठवा, शाळेच्या कोचला सीसी ठेवा. कोच भला माणूस असेल, पण त्याचं तोंडी 'इट्स फाइन' सेक्शनच्या ऑफिसात टिकत नाही. मेल लांब नको. स्पर्धेचं नाव, तारखा, ठिकाण, कोण भरवतंय, मूल कोणत्या नात्याने उतरणार, आणि शाळेचा कोणता सराव किंवा सामना चुकणार, एवढं पुरतं. शेवटी सरळ विचारा: 'यामुळे तिच्या पात्रतेला बाधा येईल का? सेक्शनची परवानगी लागेल का?'

उत्तर आलं की फोल्डरमध्ये टाका. नाही आलं तर तीन-चार दिवसांनी पुन्हा मेल करा. गप्प बसले म्हणजे होकार दिला, असं समजायचं नाही.

राष्ट्रीय संघाच्या शिबिराचं किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं आलं असेल तर वाट वेगळी आहे. बहुतेक राज्यांत यासाठी सूट आहे, पण ती आपोआप मिळत नाही. खेळाच्या राष्ट्रीय महासंघाचं पत्र लागतं, अर्ज शाळेमार्फत जातो, आणि तो स्पर्धेच्या आधी पोचावा लागतो. बोलावण्याचा मेल आला त्याच दिवशी एडींना पुढे पाठवा. पेढे संध्याकाळी वाटा.

> तपासा: क्लबचा करारही आता वाचा. बंदी दोन्हीकडून असू शकते. २०१२ मध्ये यू.एस. सॉकरच्या डेव्हलपमेंट अकादमीने दहा महिन्यांचा सीझन आणला आणि त्यातल्या मुलांना शाळेच्या टीमकडून खेळणं बंद केलं. ती अकादमी २०२० मध्ये बंद झाली, पण वरच्या पातळीच्या काही क्लबांत अशी अट आजही असते. तिथे शाळेने हो म्हटलं तरी उपयोग नाही.

## पायरी ५: एन्ट्री 'अनअटॅच्ड' झाली का, ते डोळ्यांनी बघा

कोचला सांगितलं म्हणजे झालं, असं मलाही वाटायचं. आमच्या लेकीच्या शाळेच्या पहिल्या सीझनमध्ये मी क्लबला फोन करून सांगितलं होतं, तिकडून 'हो हो, करतो' असं उत्तर आलं होतं. शनिवारी सकाळी साडेसहाला पूलवर पोचलो. हीट शीट, म्हणजे कोण कोणत्या शर्यतीत पोहणार याची यादी, भिंतीवर चिकटवलेली होती. बोट फिरवत तिचं नाव शोधलं: नाव, वय १५, आणि त्यापुढे क्लबचा कोड. माझ्या पोटात गोळा आला.

वॉर्मअप सुरू व्हायला अजून वेळ होता. टेबलावरच्या बाईंना सांगितलं, त्यांनी लॅपटॉपवर दोन कळा दाबल्या आणि कोडच्या जागी 'यूएन' आलं. मग मी विचारलं, 'रिलेमध्ये नाव आहे का?' होतं. तेही काढलं. पाच मिनिटांचं काम होतं, पण पहिली शर्यत झाल्यावर लक्षात आलं असतं तर ते पाच मिनिटांत सुटलं नसतं.

तेव्हापासून आमच्या घरी असा क्रम आहे:

1. एन्ट्री भरायच्या वेळी क्लबला मेल: 'या मीटमध्ये अनअटॅच्ड, रिले नाही.'
2. एन्ट्री गेल्यावर क्लबकडून तिची प्रत मागायची आणि नावापुढचा कोड बघायचा.
3. सायक शीट, म्हणजे मीटआधी येणारी वेळांनुसार लावलेली यादी, निघाली की पुन्हा बघायचं.
4. सकाळी हीट शीटवर तिसऱ्यांदा बघायचं.

क्लबला आणखी एक विचारून ठेवा: बदल या एका मीटच्या एन्ट्रीपुरता आहे की नोंदणीतच करावा लागणार? नोंदणी बदलली तर क्लबकडे परत यायची पद्धत काय, हे आधी कळलेलं बरं. उन्हाळ्यातल्या मोठ्या मीटमध्ये रिलेची जागा त्यावर अवलंबून असते.

## पायरी ६: स्पर्धेच्या दिवशी

कागदावर अनअटॅच्ड आणि डोक्यावर क्लबचं नाव, असं चालत नाही. कॅलिफोर्नियात अनअटॅच्ड म्हणजे टीमचं प्रतिनिधित्व नाही, टीमसाठी गुण नाहीत आणि टीमचा गणवेशही नाही.

त्या सकाळी कोड बदलून झाल्यावर लेक समोर आली तर डोक्यावर क्लबची निळी सिलिकॉनची टोपी, त्यावर पांढऱ्या अक्षरांत हे मोठं नाव. तिने ती उलटी करून घातली. तरी अक्षरं आतून अस्पष्ट दिसत होती. शेवटी बाहेरच्या स्टॉलवरून साधी पांढरी टोपी घेतली. आता बॅगेत कायम दोन कोऱ्या टोप्या असतात, आणि एक साधा टी-शर्ट. बक्षीस घेताना फोटो निघतो, आणि क्लबचं जॅकेट त्याच वेळी अंगावर असतं.

शाळेची टोपीही घालू नका. त्या दिवशी मूल शाळेचंही प्रतिनिधित्व करत नसतं.

## पायरी ७: बक्षीस हातात घेण्याआधी

पदक, ट्रॉफी, प्रमाणपत्र घ्या. रोख रक्कम, गिफ्ट कार्ड, महागडी वस्तू असेल तर आधी विचारा. शाळेच्या खेळात हौशी दर्जा टिकवावा लागतो आणि वस्तूंच्या किमतीलाही मर्यादा असते.

टेनिसच्या मुलांना हा प्रश्न लवकर पडतो. आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) ज्युनिअर स्पर्धांत बक्षिसाची रक्कम नसते, पण व्यावसायिक दौऱ्यातल्या सगळ्यात खालच्या स्पर्धांत असते, आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही काही डॉलर मिळतात. पंधरा-सोळा वर्षांचं मूल वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर, तिथे उतरतं, हरतं, आणि समोर फॉर्म येतो. सही करण्याआधी थांबा. कॉलेजच्या खेळांसाठी एनसीएएचे नियम वेगळे आहेत आणि टेनिसमध्ये कॉलेजपूर्वीच्या बक्षिसाबाबत ते बरेच सैल आहेत. त्यामुळे 'एनसीएएला चालतं' असं कुणी सांगितलं तर ते खरं असू शकतं. ते शाळेलाही चालतं, असा त्याचा अर्थ होत नाही.

## भारतातून नुकतेच आला असाल तर

हा भाग नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी आहे.

कॅलिफोर्नियात नववीत पहिल्यांदा पाऊल टाकल्यापासून सलग आठ सेमिस्टर खेळता येतं, आणि ही मोजणी कोणत्याही शाळेतल्या नववीपासून होते. मुलाने नाशिकला नववी केली असेल तर ती दोन सेमिस्टर खर्ची पडली. 'इंग्रजी पक्कं होऊ दे' म्हणून इथे पुन्हा नववीत घातलं, तर बारावीच्या वर्षी, कॉलेजचे कोच बघायला येतात तेव्हा, मूल खेळू शकणार नाही. वर्ग ठरवण्याआधी समुपदेशक आणि एडी दोघांशी बोला. १५ जूनच्या आधी १९ पूर्ण होत असतील तर पुढच्या शालेय वर्षी खेळता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका आणि जन्मदाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून आणा. तीन कागदांवर नावाची तीन स्पेलिंगं असतील तर तेही आधीच सांगा.

पत्त्याबाबत एक कळकळीची विनंती. चांगल्या टीमच्या शाळेत जाण्यासाठी मित्राचा पत्ता लावू नका. सीआयएफमध्ये खोटी माहिती दिल्यास २४ महिन्यांपर्यंत अपात्र ठरवतात. चार वर्षांतली दोन जातात, आणि सहीमागे आई-बाप असले तरी शिक्षा मूल भोगतं.

## पायरी ८: चूक झालीच तर

समजा लक्षात आलं की गेल्या शनिवारी मुलगा क्लबकडून खेळला. पहिली गोष्ट: शाळेच्या पुढच्या सामन्यात त्याला उतरवू नका. अपात्र खेळाडू जितके सामने खेळतो तितके शाळेला सोडून द्यावे लागू शकतात, आणि मग प्रश्न तुमच्या एका मुलाचा राहत नाही, बाकीच्या सगळ्या पोरांचा होतो.

त्याच दिवशी एडींना स्वतःहून सांगा. काय झालं, कधी, किती सामने, एवढंच, सबबी नकोत. कॅलिफोर्नियात पहिल्या चुकीला बाहेर खेळलेल्या सामन्यांच्या दुप्पट शालेय सामने बाहेर बसावं लागतं. वीकेंडच्या सॉकर स्पर्धेत चार सामने झाले असतील तर शाळेचे आठ गेले. दुसऱ्यांदा झालं तर एक वर्ष. शाळेने स्वतः कळवलं तर निदान लपवल्याचा आरोप येत नाही. दुसऱ्या शाळेच्या पालकाने निकालाच्या पानाचा स्क्रीनशॉट सेक्शनला पाठवल्यावर उघड झालं, तर तो आरोपही चिकटतो. निकाल सगळे ऑनलाइन असतात, नाव टाकलं की दिसतात.

मुलाला घरी बोलताना हेही सांगा की एन्ट्री त्याने भरली नव्हती, आपण भरली होती. निलंबनाच्या काळात शाळेच्या सरावाला जायची मुभा आहे का, ते एडींना विचारा. असेल तर रोज पाठवा, आणि सामन्याच्या दिवशी बाकावर बसायलाही पाठवा.